संदर्भाची पांढरी टाइल

लक्ष्मीकांत उपासनी हसायचे, पण बाहेर कळू द्यायचे नाहीत. हसू आलं की ते ओठ घट्ट मिटायचे, नाकातून एक श्वास सोडायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मीनाक्षीताईंना याचा सराव झाला होता. चष्मा फार वेळ पुसला गेला तर विनोद चांगला होता, असं त्या धरून चालत. बाकीच्या चंदीगडला वाटे की हा माणूस नाराज आहे आणि याचा चष्मा लवकर घाण होतो.

कारण दातांचं होतं. लहानपणी अकोल्यात त्यांना सारखा ताप यायचा आणि तिथल्या डॉक्टरांनी महिनोन्महिने एकच औषध दिलं. ताप गेला. पुढे दुधाचे दात पडून जे नवे आले ते पाटीच्या रंगाचे आले, आणि वर आडवे तपकिरी पट्टे. आई म्हणाली, नीट घास, जातील. ते पन्नास वर्षं नीट घासत होते.

त्यात नोकरी अशी, की सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत ते रंग मोजायची यंत्रं बनवायचे. टोमॅटो असो, कापड असो, लोकरीचा गुंडा असो, त्याचा रंग ते तीन आकड्यांत सांगू शकत, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. स्वतःचे दात त्यांनी कधी मोजले नव्हते. काही गोष्टी अंदाजे माहीत असलेल्या बऱ्या.

हे सगळं असंच सेवानिवृत्तीपर्यंत गेलं असतं. पण त्यांच्या मुलीने, अपूर्वाने, नवतेज नावाचा मुलगा पसंत केला आणि नवतेजला वडील होते.

सरदार बलकार सिंग चंदीगडशेजारच्या मुल्लानपूरचे. त्यांच्या गव्हाच्या शेतात आता तेरा मजली इमारत उभी होती. मधला एक तुकडा त्यांनी हट्टाने राखला होता आणि त्यात ते मुळा लावायचे. माणूस मोठा, आवाज त्याहून मोठा, आणि हसला की समोरच्या कपातला चहा हलायचा. पहिल्या भेटीत त्यांनी तीन विनोद सांगितले. तिसरा एका म्हशीचा होता, जी बँकेत जाते. सगळं घर हसून लोळलं. उपासनींनी ओठ मिटले, श्वास सोडला आणि चष्मा पुसला. त्या संध्याकाळी त्यांना मुल्लानपूर अतिशय स्वच्छ दिसलं.

दुसऱ्या दिवशी बलकार सिंगांचा फोन आला.

"उपासनी साब, एक बात पूछूँ? आप राज़ी हो ना?"

"हाँ जी, बिलकुल."

"बोल तो रहे हो जी. दिखता नहीं." पलीकडे एक सुस्कारा सुटला. "मेरी बुआ के लड़के का रिश्ता हुआ था. लड़की का बाप ऐसे ही मुँह बंद करके बैठा रहता था. हमने सोचा, शरीफ़ आदमी है. शादी वाले दिन आया ही नहीं. लड़की मंडप में रोती रही. तब से मैंने कसम खाई है, जिस घर में बाप राज़ी नहीं, वहाँ से कुड़ी नहीं लानी. अगले से अगले इतवार रोका है. मैं आपका मुँह देखूँगा. राज़ी दिखे तो बात पक्की. नहीं तो मिठाई वापस डिब्बे में."

रोका म्हणजे आपल्याकडच्या साखरपुड्याचा थोरला भाऊ. एकमेकांना गोड भरवायचं, की ठरलं.

उपासनींनी फोन ठेवला आणि घरात सांगितलं. अपूर्वाने कपाळाला हात लावला. ती चंदीगडला जन्मलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"बाबा, सिंपल है. आप बस एक बार हँस दो. दाँत दिखा के."

"हे दात? हे बघून ते रोका मोडून मला दवाखान्यात नेतील."

"अहो, मग सांगून टाका ना सरळ," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"काय सांगू? फोन करून? नमस्कार, माझे दात काळे आहेत?"

वाक्य म्हणून ते खरंच बरं दिसत नव्हतं.

शेवटी उपासनी दातांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर ज्ञानदा सोलापूरकडच्या. नवरा हवाई दलात, त्यामुळे दर तीन वर्षांनी त्यांचा दवाखाना गाव बदलायचा. सध्या तो सेक्टर चौतीसमध्ये दुसऱ्या मजल्यावर होता. तिसऱ्या मजल्यावर परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवणारा क्लास होता, आणि छतातून पन्नास मुलांचा एकसुरी आवाज यायचा: "माय होमटाउन इज व्हेरी ब्युटिफुल."

"काका, तोंड उघडा," ज्ञानदा म्हणाल्या.

"किती?"

"उघडा हो. मोजू नका."

त्यांनी आरसा फिरवला, दिवा फिरवला, आणि 'हं' म्हणाल्या. या रंगाला ब्लीचिंग फारसं लागू पडणार नाही, त्यांनी सांगितलं. रंग दाताच्या वर बसलेला नाही, आत मुरलेला आहे. झाकायचा असेल तर व्हिनिअर.

"व्हिनिअर म्हणजे सोपं सांगते. बायका नखांवर खोटी नखं लावतात ना, तसं दातांवर. चिनी मातीची पातळ पाकळी. वरच्या आठ दातांना लावू, हसताना तेवढेच दिसतात. पण पाकळीला जागा करायला दाताचा पुढचा थर खरवडावा लागतो. अर्धा मिलिमीटर."

"अधिक-उणे किती?"

"म्हणजे?"

"अर्धा मिलिमीटर म्हणालात. अनिश्चितता किती धरायची?"

"काका, मी हाताने करते."

उपासनींनी छताकडे पाहिलं. वर पन्नास मुलं त्यांचं गाव किती सुंदर आहे ते सांगत होती.

"आणि हे लक्षात ठेवा," ज्ञानदांनी खुर्ची पुढे ओढली, "खरवडलेलं परत येत नाही. पुढे कधी मन बदललं तर जुने दात मिळणार नाहीत. पाकळ्या दहा-पंधरा वर्षं टिकतात, मग नव्या. ऊस दाताने सोलायचा नाही, अक्रोड फोडायचे नाहीत. दात किडत नसतील, दुखत नसतील, तर हे औषध नव्हे, ही सजावट आहे. हवी तर करायची, नको तर नाही. तुम्हाला का हवी आहे?"

"मुलीच्या सासऱ्यांना मी आनंदी दिसलो पाहिजे."

ज्ञानदांनी कार्डावर काहीतरी लिहिलं. बहुधा 'सजावट' खोडलं.

रोका नऊ दिवसांवर होता आणि पाकळ्या तयार व्हायला तीनेक आठवडे लागणार होते. मधला मार्ग निघाला. दात न खरवडता वरून तात्पुरत्या मसाल्याची ट्रायल लावता येते. माणूस एक दिवस मिरवतो, आरशात बघतो, घरच्यांना विचारतो, मग ठरवतो. ट्रायल रोक्याच्या सकाळी लावायची आणि खरवडणं त्यानंतरच्या मंगळवारी, म्हणजे फेब्रुवारीतल्या लग्नाला पक्के दात तयार.

"आता रंग," असं म्हणून ज्ञानदांनी एक पट्टी काढली. तिच्यात किल्ल्या अडकवाव्यात तसे सोळा दात ओळीने अडकवलेले होते. "तुमच्या वयाला, कातडीला हा शोभेल. थोडा हस्तिदंती."

उपासनींनी तो दात दिव्याखाली धरून बघितला. "हा पिवळा आहे."

"दात पिवळेच असतात काका. चांगलेसुद्धा."

"पांढरा दाखवा."

त्यांनी सगळ्यात टोकाचा दाखवला.

"हाही पिवळाच. कमी आहे, पण पिवळाच." मग उपासनींनी पिशवीतून मखमली अस्तराची एक लाकडी डबी काढली, आणि डबीतून तळहाताएवढी पांढरी टाइल. कडेला धरून, पृष्ठभागाला बोट न लावता. "पांढरं म्हणजे हे."

ज्ञानदांनी टाइलकडे पाहिलं. "आमच्या बाथरूमला अशाच आहेत."

"अशा नसतील. ही संदर्भाची टाइल आहे. जगात जे जे पांढरं म्हणवून घेतं ते किती खरं बोलतंय, हे हिच्याशी ताडून ठरतं. हिचं प्रमाणपत्र होतं. मुदत संपली दोन हजार अकराला, म्हणून माझ्या टेबलावर कागद दाबायला दिली. पण प्रमाणपत्र संपलं म्हणून पांढरेपणा संपत नाही."

"काका, तोंडात टाइल दिसेल."

"दिसेल ते बरोबर दिसेल."

एकतीस वर्षं हा माणूस प्रत्येक रंग अशाच टाइलपासून मोजत आला होता. पन्नास वर्षांनी पहिल्यांदा दात निवडायची वेळ आली, तेव्हा तो तिच्यापासून एक आकडाही दूर सरकायला तयार नव्हता. ज्ञानदांनी शेवटी हात टेकले. नाहीतरी ट्रायलच होती.

रविवारी सकाळी आठ दात लागले. ज्ञानदांनी बजावलं, "चावायचं नाही. हळदीचं नाही, कडक तर अजिबात नाही. फक्त हसायचं. संध्याकाळी या, काढून टाकते."

उपासनींनी आरशात हसून पाहिलं. आरशात एक अनोळखी माणूस होता आणि त्याला कशाचा तरी फार आनंद झाला होता.

गाडीत अपूर्वाने त्यांचा फोटो काढला, स्क्रीनकडे पाहिलं, मग आईकडे. फोनने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे दातांना पांढरं धरलं होतं आणि बाकी सगळं त्या मानाने जुळवून घेतलं होतं. फोटोत उपासनींचे दात बरोबर होते आणि शेजारी बसलेल्या मीनाक्षीताईंना कावीळ झाली होती.

"बाबा, थोड़ा कम हँसना, ओके?"

पण कमी म्हणजे किती, हे उपासनींना ठाऊक नव्हतं. हसू चालू कसं करायचं हे त्यांनी गेल्या आठवड्यात आरशासमोर शिकून घेतलं होतं. बंद कधी करायचं, हा भाग राहून गेला होता. मुल्लानपूरच्या फाटकापाशी त्यांनी हसू चालू केलं आणि ते चालूच राहिलं.

अंगणात डिसेंबरचं ऊन, बसायला बाजा आणि खुर्च्या, दोन्हीकडची वीसेक माणसं. नवतेजचे मामा गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगू लागले. ते फसलं होतं. उपासनी हसत होते. कोणीतरी म्हणालं की ती म्हैस, जिच्यावरून विनोद रचला होता, ती मंगळवारी गेली. उपासनी हसत होते. बलकार सिंगांच्या आई, बीजी, बाजेवर बसून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "ए बंदा किस गल ते हसदा ए?" हा माणूस कशावर हसतोय?

बलकार सिंगांनी उपासनींना मुळ्याच्या वाफ्याजवळ बाजूला घेतलं.

"भाईसाब, पहले आप हँसते नहीं थे. आज रुक नहीं रहे."

"हाँ जी," उपासनी हसत म्हणाले.

"किसी ने बोला है हँसने को?"

"नहीं जी." हे उत्तर त्यांनी इतक्या रुंद हसून दिलं की बलकार सिंग एक पाऊल मागे सरकले.

"कोई मजबूरी है तो बता दो जी. अभी कुछ बिगड़ा नहीं. मैं मिठाई उठवा देता हूँ."

उपासनींचे गाल दुखत होते, वरचा ओठ सुकून दातांना चिकटला होता, आणि ज्या हसण्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्याच हसण्याने मुलीचं लग्न मोडायला आलं होतं. पलीकडे अपूर्वा नवतेजशेजारी उभी होती. तिला इकडचं काही ऐकू येत नव्हतं, पण तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं.

"मजबूरी नहीं है जी," ते म्हणाले. "मिठाई लाइए."

बलकार सिंगांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ठीक है. खा के दिखाओ."

सगळे गोळा झाले. मीनाक्षीताईंनी नवऱ्याच्या हातात नारळ आणि शगुनाचं ताट दिलं. दोन्ही हात अडकले. बीजींनी स्वतः केलेली पिन्नी आली. पिन्नी म्हणजे कणीक, तूप आणि गूळ यांचा हिवाळी लाडू. ही पहाटेपासून उघड्या ओट्यावर, चंदीगडच्या थंडीत ठेवलेली होती. तूप थिजून तिचा दगड झाला होता.

बलकार सिंगांनी ती उपासनींच्या तोंडापाशी धरली.

चावायचं नाही, कडक तर अजिबात नाही. पण इथे तोंड फिरवणं म्हणजे सोयरिकीला नाही म्हणणं. ते सगळ्या अंगणाला कळलं असतं. उपासनींनी पिन्नीच्या कठीणपणाचा मनातल्या मनात अंदाज घेतला. अंदाज चांगला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं आणि चावलं.

टक्, असा आवाज झाला.

बलकार सिंगांनी हात मागे घेतला. त्यांच्या चिमटीत उरलेली अर्धी पिन्नी होती आणि पिन्नीत पाच दात. ओळीने, नीट, लख्ख पांढरे. उपासनींच्या तोंडात तीन पांढरे उरले होते आणि मधे पाच पाटीच्या रंगाचे.

मग बीजींचा आवाज आला, दुखावलेला: "मैं ताँ बदाम वी पीह के पाए सी!" त्यांनी तर बदामसुद्धा वाटून घातले होते.

बलकार सिंगांनी पिन्नीकडे पाहिलं. उपासनींच्या तोंडाकडे पाहिलं. परत पिन्नीकडे. मग त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली, प्रसाद द्यावा तशी पुढे केली आणि अदबीने म्हणाले, "भाईसाब, ये आपके हैं."

उपासनींना आतून काहीतरी आलं. सवयीने त्यांनी ओठ मिटले, श्वास सोडला आणि हात चष्म्याकडे नेला. पण हातात नारळ होता. दुसऱ्या हातात ताट होतं. चष्मा पुसता येईना, आणि पन्नास वर्षं नाकाने जाणारी गोष्ट तोंडावाटे बाहेर पडली. ते हसले. डोकं मागे टाकून, खांदे हलवत, ताटातले तांदूळ सांडत हसले. सगळे दात दिसले. तिन्ही पांढरे आणि बाकीचे.

बलकार सिंग पुढे झाले आणि बैल घेताना बघतात तसं त्यांच्या तोंडात डोकावले.

"ये असली वाले हैं?"

"हाँ जी. बचपन की दवाई से."

"इसीलिए मुँह बंद रखते थे?"

"हाँ जी."

"और राज़ी?"

"राज़ी तो पहले दिन से हूँ जी. वो भैंस वाला चुटकुला… उस पे मैं घर जाकर भी हँसा था."

"सच है भाईसाब," मीनाक्षीताई म्हणाल्या. "पंद्रह मिनट चश्मा पोंछ रहे थे."

बलकार सिंगांनी मान मागे वळवली. "ओ बीजी! राज़ी ने!"

मग जो गलका झाला त्यात कोणी कोणाला मिठी मारली ते सांगता येणार नाही. अपूर्वा आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "बाबा, बता तो देते यार." नवी पिन्नी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणली गेली. ती उपासनींनी जुन्याच दातांनी खाल्ली.

जेवणं झाल्यावर बलकार सिंग उन्हात एकटेच बसलेले दिसले. पिन्नीतला एक दात सोडवून त्यांनी स्वच्छ पुसला होता आणि तो आपल्या पांढऱ्या कुर्त्यावर ठेवून बघत होते. कुर्ता पिवळा दिसत होता.

"भाईसाब, ये रंग कौन सा है?"

एकतीस वर्षांत प्रयोगशाळेबाहेरच्या एकाही माणसाने उपासनींना हा प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली. टाइल, प्रमाणपत्र, तीन आकडे, सगळं त्यांनी पाऊण तास सांगितलं. बलकार सिंगांनी एकदाही विनोद केला नाही.

सोमवारी उपासनींनी ज्ञानदांना फोन केला.

"डॉक्टर, उद्याचं रद्द करा. अर्धा मिलिमीटर आहे तिथे राहू दे."

"हरकत नाही काका. उलट बरं वाटलं. फक्त माझी सकाळ रिकामी गेली."

"रिकामी नाही जाणार. मी आमच्या व्याह्यांना पाठवतोय. त्यांचे पुढचे दात बाटल्यांची झाकणं उघडून झिजलेत. अर्धा मिलिमीटर परत येत नाही हे त्यांना दोनदा सांगा, ते एकदाच ऐकतात."

"रंग?"

"टाइल त्यांच्याकडे दिली आहे."

फेब्रुवारीत लग्न लागलं. उपासनींकडचे नातेवाईक अकोल्याहून दोन दिवसांचा प्रवास करून आले. फोटोग्राफरने दोन्ही घरं मंचावर उभी केली, कॅमेऱ्यातून पाहिलं, दिवे बदलले, परत पाहिलं आणि शेवटी मान बाहेर काढली.

"सरदारजी, आप ज़रा मुँह बंद कर लो. बाकी सब पीले आ रहे हैं. हाँ, ऐसे ही. अंकलजी, आप हँसो, आपका ठीक है."

बलकार सिंगांनी ओठ घट्ट मिटले. उपासनी हसले.

खाली पहिल्या रांगेत उपासनींची बहीण रागिणी बसली होती. ती मीनाक्षीताईंच्या कानाशी लागली. "वहिनी, एक विचारू? मुलाचे वडील नाराज आहेत का गं? मघापासून बघतेय, तोंड मिटून उभे आहेत."

मीनाक्षीताईंनी मंचाकडे पाहिलं. बलकार सिंगांचे खांदे हलत होते. ते नाकातून श्वास सोडत होते आणि शेजारच्या व्याह्यांकडे हात पसरून चष्मा मागत होते.